जुन्या पिकअपचं आयडलिंग बिघडलंय? स्क्रू पिळण्याआधी हे तपासा

कापसाच्या हंगामात हिंगणघाटच्या मार्केटला पिकअपची रांग लागली की आयडलिंग बिघडलेली गाडी लगेच ओळखू येते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ती थरथरते आणि बंद पडते. मग कुणीतरी पाना काढतं आणि पंपावरचा स्क्रू पिळतं. गाडी चालू राहते, मूळ बिघाड मात्र तसाच राहतो.

आयडलिंग म्हणजे न्यूट्रलमध्ये, ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या वेगाने फिरतं तो वेग. जुन्या डिझेल पिकअपमध्ये तो साधारण मिनिटाला ७०० ते ९०० फेरे असतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. हा वेग डिझेल पंपातला गव्हर्नर सांभाळतो. इंजिन मंदावलं की तो डिझेल वाढवतो, वेग चढला की कमी करतो. पण पाइपात हवा शिरली, डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचलं किंवा इंजेक्टर नीट फवारत नसेल, तर गव्हर्नर तरी काय करणार?

तपासताना हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगड लावा, एसी बंद ठेवा. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, कारण थंड इंजिनावर लावलेलं आयडलिंग नंतर बदलतं. आधी ॲक्सिलरेटरची केबल पाहा. ती ताणलेली असेल तर आयडलिंग चढंच राहणार. मग फिल्टरमधलं पाणी काढा, पाइपांचे जोड बघा. एअर फिल्टरही बघा, पण तो चोंदल्याचा त्रास बहुतेकदा रेस दिल्यावर काळ्या धुरातून दिसतो. इंजेक्टरचे पाइप मात्र चालू इंजिनावर स्वतः सैल करू नका. त्यातली डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.

सगळं ठीक असेल तरच स्क्रू. लॉक नट सैल करा, पाव फेरा फिरवा, थांबा, टॅकोमीटरवर वेग पाहा, नट पुन्हा आवळा. डॅशबोर्डवर टॅकोमीटर नसेल तर मिस्त्रीकडे असतो. सील केलेला दुसरा स्क्रू कमाल वेगाचा असतो, त्याला हात नको.

भरलेली गाडी उतारावर बंद पडली तर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीनदा पेडल दाबताच संपते आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. उलट आयडलिंग चढं ठेवलं, तर गिअरमध्ये पाय सोडूनही गाडी पुढे रेटते आणि डिझेल फुकट जळतं.

कॉमन रेल इंजिन असेल तर असा स्क्रू शोधत बसू नका. तिथे वेग संगणक ठरवतो, आणि बिघाड स्कॅनर लावूनच शोधावा लागतो.