भिंतीवरची कपाटे व उघडे पाइप

ओट्याच्या वर भिंतीला टांगायची कपाटे पाण्याच्या पाइपाला धक्का न लावता बसवणे हे सुतारकामातील एक किचकट काम आहे. येथे भिंतीवरून उघडा जाणारा पाइप अभिप्रेत आहे.

पाइप उघडा का राहतो, हे घराच्या वयावरून कळते. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादे तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावांत घर आधी उभे राहिले, नळ मागाहून आला. जुन्या स्वयंपाकघरात पाणी हंड्या-कळशीने येई आणि माठात किंवा रांजणात राही. भिंतीला कोनाडे असत, फडताळ असे, भांड्यांची मांडणी असे. पाइपासाठी जागा ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे गच्चीवर किंवा पत्र्यालगत प्लॅस्टिकची टाकी बसली. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज 55 लिटर पाणी घरच्या नळाने देण्याचे उद्दिष्ट ठरवले. नळ बहुधा अंगणापर्यंत येतो, तिथून पाणी मोटारीने वर टाकीत चढते आणि टाकीतून खाली ओट्यावरच्या तोटीकडे उतरते. उतरताना पाइप नेमका तोच पट्टा ओलांडतो जिथे कपाटे टांगायची असतात.

भिंत खणून पाइप आत गाडावा, हा पहिला विचार. पक्क्या विटेच्या भिंतीत तो चालतो. मातीच्या किंवा कच्च्या विटेच्या भिंतीत खाच मारली की भिंतच सुटू लागते. शिवाय गाडलेल्या पाइपाची गळती पोपडे सुटल्यावरच कळते. उघडा पाइप दिसायला ओबडधोबड, पण थेंब पडला की त्याच दिवशी दिसतो. म्हणून कपाटाने पाइपाला वाट द्यावी, पाइपाने कपाटाला नव्हे.

नेहमीचे कपाट 12 ते 14 इंच खोल असते आणि त्याचा तळ ओट्यापासून सुमारे 2 फूट वर येतो. अर्ध्या इंची जी.आय. (जस्तलेपित लोखंडी) पाइपाची बाहेरची जाडी प्रत्यक्षात 21.3 मिलिमीटर भरते. त्यात क्लॅम्पची उंची मिळवली की पाइप भिंतीपासून बरीच जागा घेतो. युनियन, म्हणजे सोडवता येणारा जोड, तर त्याहून फुगीर. मापे सरळ पाइपाची घ्यायची नाहीत, सर्वांत जाड जोडाची घ्यायची.

आडवा पाइप असल्यास भिंतीवर दीड-दोन इंची लाकडी पट्ट्या ठोकून कपाट तेवढे पुढे घेतात. मागच्या पोकळीतून पाइप निघून जातो. उभ्या पाइपाला मात्र कपाटाचा तळ आणि माथा आडवा येतो. इथे नवखा सुतार गोल भोक पाडतो आणि फसतो, कारण जोडलेला पाइप भोकातून ओवता येत नाही. मागच्या कडेकडूनच खाच घ्यावी लागते: करवतीने दोन समांतर काप, मधला तुकडा पटाशीने उडवायचा. खाचेची जागा कोपऱ्यापासून वरही मोजायची आणि खालीही, कारण जुन्या भिंती ओळंब्यात नसतात. वर 9 इंचांवर असलेला पाइप खाली साडेनऊवर सापडतो. प्लायवूडची कापलेली कड पाणी पिते, म्हणून ती तेलरंगाने बंद करतात. खाच पाइपापेक्षा थोडी सैल हवी. टाकीतले पाणी वैशाखात इतके तापते की तोटीतले पहिले लोटाभर पाणी चटका देते, आणि सी.पी.व्ही.सी. प्लॅस्टिकचा 3 मीटर पाइप 30 अंशांच्या फरकाने जवळजवळ 6 मिलिमीटर लांबतो. लोखंडी पाइप तेवढ्याच फरकाने जेमतेम 1 मिलिमीटर वाढतो. घट्ट खाचेत अडकलेला प्लॅस्टिकचा पाइप आपला ताण जोडावर काढतो. उरलेल्या फटीत रबराची पट्टी बसवतात. नाहीतर झुरळांना आयता रस्ता.

युनियन किंवा व्हॉल्व्ह कपाटामागे येत असेल तर पाठीची फळी खिळ्यांनी ठोकू नये. स्क्रूने लावलेली, हाताने निघणारी फळी ठेवावी. हा सर्वांत जास्त टाळला जाणारा आणि सर्वांत जास्त पश्चात्ताप देणारा भाग. ड्रिल मारण्याआधी प्लंबरने जोड सूत-सफेद्याने किंवा टेप गुंडाळून पक्के करावेत, पाणी भरून पाइप 24 तास तसाच ठेवावा आणि जोडावरून कोरडे बोट फिरवून पाहावे. सुतार मग येतो.

भाराचा प्रश्न वेगळा. डाळ-तांदळाचे भरलेले डबे ठेवलेले कपाट मातीच्या भिंतीतला प्लग धरून ठेवत नाही. खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरात छताचा भार लाकडी खांबांवर असतो. टांगायचेच असेल तर आडवी फळी दोन खांबांना बोल्टने जोडून कपाट तिच्यावर अडकवावे. खांब सोयीचे नसतील, तर पाइपाच्या भिंतीला मांडणीच बरी. तिला पाय असतात, पाठ नसते, आणि पाइप मागून आपल्या वाटेने जातो.