हृदयाची रक्तांतील साक्ष

आमच्या खडवलीस भातसेच्या कांठावरून घरीं परततांना एखाद्या वृद्धाला धाप लागली, तर प्रश्न पडतो: दोष फुप्फुसांचा कीं हृदयाचा? ह्याचें उत्तर रक्तांत शोधण्याची विद्या फार जुनी नाहीं.

हार्वेनें १६२८ सालीं रक्ताभिसरण सिद्ध केलें. तेव्हांपासून हृदय म्हणजे केवळ पंप, असाच समज रूढ झाला. १९८१ सालीं कॅनडांत द बोल्ड यांनीं उंदरांच्या हृदयकर्णिकांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोंचला. त्यांच्या मूत्रावाटे क्षार व पाणी भराभर बाहेर पडलें. हृदय संप्रेरकही निर्माण करतें, हें उघड झालें. १९८८ सालीं जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूंत त्याच जातीचें द्रव्य आढळलें, तें 'बीएनपी'. नांव मेंदूचें, पण तें स्रवतें मुख्यतः हृदयाच्या जवनिकांतून. त्यांच्या भिंतींवर ताण पडला, कीं रक्तांत त्याचें प्रमाण वाढतें.

२००२ सालीं धाप लागून आलेल्या १,५८६ रुग्णांच्या पाहणींत त्याची उपयुक्तता दिसून आली. प्रमाण अल्प असेल, तर हृदयदौर्बल्याचा संभव फार कमी. मात्र वार्धक्य व मूत्रपिंडाचा विकार यांनींही तें वाढतें, स्थूलतेनें घटतें. म्हणून साक्ष रक्ताची घ्यावी. निवाडा मात्र डॉक्टरांच्या विवेकावर सोंपवावा.