सूचना आणि प्रवेश : परक्याच्या उघड्या संगणकाचा प्रश्न व वर्ध्याचा साधनविचार

१

एखाद्या अनोळखी माणसाचा संगणक परवलीच्या शब्दावाचून इंटरनेटच्या जाळ्याला जोडलेला आहे, आतील कागदपत्रे कोणाच्याही हाती लागण्याजोगी आहेत, आणि ही गोष्ट ज्याच्या ध्यानात आली त्याच्या मनात मालकाला सावध करावे यापलीकडे दुसरा हेतू नाही. अशा वेळी त्याने आत शिरून मालकासाठी सूचना लिहून ठेवावी काय? प्रश्न अलीकडचा दिसतो. परंतु त्यात गुंतलेले दोन विचार जुने आहेत. दुसऱ्याच्या हितासाठी त्याच्या संमतीवाचून काय करता येते, हा पहिला. आणि हेतू शुद्ध असला तरी साधन कसे असावे, हा दुसरा. पहिल्याची मांडणी एकोणिसाव्या शतकातील भारतीय दंडविधानात सापडते. दुसऱ्याचा कस वर्धा जिल्ह्यात, १९४० ते १९४४ या काळात, प्रत्यक्ष राजकारणात लागला.

या प्रश्नातील खरी अडचण अशी की, संगणकाच्या बाहेर मालकाचे नाव लिहिलेले नसते. जाळ्यावर दिसतो तो केवळ एक अंकांचा पत्ता. तो घराचा, दुकानाचा की रुग्णालयाचा, हे पुष्कळदा आतील कागद पाहिल्यावाचून कळत नाही. म्हणजे ज्याला सावध करावयाचे त्याची ओळख पटविण्यासाठीच त्याच्या खाजगी गोष्टींना हात लावावा लागतो. उघडे दार पाहून बाहेरून हाक मारणारा शेजारी आणि हा सूचक यांत हा मोठा भेद आहे.

२

१८६० च्या भारतीय दंडविधानातील ९२ वे कलम येथे विचारात घेण्याजोगे आहे. संमती देणे ज्याला त्या परिस्थितीत अशक्य आहे, आणि ज्याच्या वतीने वेळेत संमती देईल असा कोणी पालकही जवळ नाही, अशा माणसाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला त्या कलमाने गुन्ह्यातून वगळले. घोड्यावरून पडून बेशुद्ध झालेल्या माणसावर शस्त्रक्रिया करणारा, किंवा वाघाच्या तावडीत सापडलेल्याला वाचविण्यासाठी गोळी झाडणारा, अशी उदाहरणे कायद्यानेच दिली आहेत. परंतु त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात, निव्वळ आर्थिक लाभ म्हणजे या अर्थाचे ‘हित’ नव्हे, असेही बजावले आहे. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली; तिच्या ३० व्या कलमात हीच तरतूद कायम आहे. यावरून कायद्याची दृष्टी स्पष्ट होते. संमतीवाचून केलेल्या उपकाराला कायदा मान देतो तो जीव धोक्यात असता व विचारण्यास अवसर नसता. मालक केवळ गाफील आहे, एवढ्याने ती अवस्था उत्पन्न होत नाही.

संगणकापुरता स्वतंत्र कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ४३ व्या कलमानुसार मालकाच्या किंवा संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीवाचून नुसता प्रवेश केला तरी भरपाईची जबाबदारी येते. हेतू कोणता होता हे तेथे विचारले जात नाही. २००८ च्या दुरुस्तीने ६६ व्या कलमात शिक्षेसाठी अप्रामाणिक किंवा कपटी हेतूची अट घातली, आणि सद्भावनेने शिरणाऱ्याला तुरुंगापासून काहीसे दूर ठेवले. मात्र ८४ व्या कलमातील सद्भावनेचे संरक्षण शासन व त्याच्या अधिकाऱ्यांपुरते आहे. सामान्य नागरिकाला ते लाभत नाही.

३

कायदा कृतीची मर्यादा सांगतो. कर्त्याने आपल्या कृतीला कोणती शिस्त लावावी हे तो सांगत नाही. या दुसऱ्या गोष्टीसाठी वर्ध्याकडे वळावे लागते. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव खेड्यात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहावयास आले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी धाम नदीकाठच्या पवनार येथे विनोबा भावे यांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला. या सत्याग्रहाचा एक दंडक असा होता की, सत्याग्रहीने आपल्या कृतीचे स्थळ व वेळ अगोदर सरकारी अधिकाऱ्यांना कळवावी. ज्याच्या आज्ञेचा भंग करावयाचा त्यालाच पूर्वसूचना देणे, आपले नाव न लपविणे आणि येईल ती शिक्षा भोगणे, ही या शिस्तीची तीन अंगे होत.

१४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिश सत्तेने निघून जावे असा ठराव वर्ध्यातच केला. त्यानंतर तो समजावून सांगण्यासाठी मीराबेन व्हाइसरॉयकडे गेल्या. व्हाइसरॉयने भेट नाकारली. सूचना देणाऱ्याने दार ठोठावले आणि दार उघडले नाही, असा हा प्रसंग होय. ९ ऑगस्टच्या अटकसत्रानंतर चळवळीचा मोठा भाग भूमिगत झाला. साताऱ्याच्या प्रतिसरकारने गुप्तता ही लढ्याची गरज मानली. उलट, मे १९४४ मध्ये सुटका झाल्यावर गांधीजींनी भूमिगत कार्यकर्त्यांना उघड होण्याचा सल्ला दिला; अरुणा असफ अली यांच्यासारख्या काहींनी तो मानला नाही. ज्याला सांगावयाचे तोच ऐकून घेत नाही तेव्हा सांगणाऱ्याने उघडच राहावे की लपावे, या प्रश्नावर महाराष्ट्रातील व देशातील थोर माणसांत अशा रीतीने दोन पक्ष पडले.

४

हे दोन्ही पक्ष २०१० मधील मुंबईच्या एका प्रकरणात एकत्र आलेले दिसतात. हैदराबादचे अभियंते हरी प्रसाद, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे ॲलेक्स हॉल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप खोंग्राइप यांनी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये भारतीय मतदानयंत्राच्या दोषांचे विवेचन प्रसिद्ध केले. यंत्र प्रत्यक्ष हाती आल्यास त्यातील भाग बदलून निकाल फिरविता येतो, असे त्यांनी दाखविले. तपासलेले यंत्र त्यांना एका अनामिक व्यक्तीकडून मिळाले होते, आणि ते मुंबई शहर जिल्हाधिकाऱ्यांच्या गोदामातील असल्याचे निष्पन्न झाले. २१ ऑगस्ट २०१० रोजी हरी प्रसाद यांना अटक झाली. यंत्र कोणी दिले हे सांगण्यास त्यांनी नकार दिला. आठवडाभराने त्यांना जामीन मिळाला. अप्रामाणिक हेतू दिसत नाही, असे दंडाधिकाऱ्यांनी त्या वेळी नोंदविले.

दार ठोठावण्याचा प्रयत्न तत्पूर्वी झाला होता, हे विसरता येत नाही. २००९ मध्ये निवडणूक आयोगाने आक्षेपकांना दोष दाखविण्यास बोलावले होते. ते प्रात्यक्षिक पुरे झाले नाही, आणि ते का थांबले याविषयी दोन्ही पक्षांचे म्हणणे भिन्न आहे. प्रशासकीय बंदोबस्तात यंत्रे सुरक्षित आहेत, ही भूमिका आयोगाने सोडली नाही. या प्रकरणात अभ्यासक स्वतःच्या नावाने पुढे आले व त्यांच्यापैकी एकाने कोठडी भोगली, हा पवनारचा मार्ग; यंत्र देणारा अज्ञात राहिला, हा भूमिगतांचा मार्ग. पहिल्याची विश्वसनीयता दुसऱ्याच्या गुप्ततेवर उभी होती, हीच या प्रकरणातील नैतिक गाठ होय.

पुढील इतिहास बोधप्रद आहे. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मतदानाची कागदी नोंद टप्प्याटप्प्याने आणण्यास सांगितले. २६ एप्रिल २०२४ च्या निकालाने यंत्रांवरील मतदान कायम ठेवले. मात्र दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने लेखी मागणी करून खर्च भरल्यास, विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघातील ५ टक्के यंत्रांची स्मृती उत्पादक कंपनीच्या अभियंत्यांकडून तपासून घेता येईल, असे ठरविले. यंत्र उघडून पाहण्याचा एक मर्यादित पण परवानगीचा मार्ग अशा रीतीने तयार झाला.

५

तथापि सत्याग्रहाचा दाखला परक्याच्या खाजगी संगणकाला जसाच्या तसा लावता येणार नाही. सत्याग्रही राज्यसत्तेची आज्ञा मोडतो आणि त्याची किंमत स्वतःच्या देहाने देतो. परक्याच्या संगणकात शिरणाऱ्याच्या कृतीची किंमत त्या परक्याला द्यावी लागते. त्याची पत्रे, छायाचित्रे, हिशेब कोणी पाहिले, काय नेले, काय ठेवले, हे त्याला कधीच निश्चित कळत नाही. ‘मी काही घेतले नाही’ या शब्दावर त्याने विश्वास ठेवावा, असे शिरणाऱ्याचे म्हणणे. परंतु चोरही तेच म्हणेल. मतदानयंत्र हे सार्वजनिक वस्तू असल्याने त्याच्याविषयी नागरिकाला निदान प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. खाजगी संगणकाबाबत तोही नाही.

सद्भावनेचा भरवसा धरून झालेल्या उपद्रवाचे उदाहरण २००३ मध्ये घडले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ नावाच्या उपद्रवी आज्ञावलीमागोमाग ‘वेल्चिया’ ही दुसरी आज्ञावली पसरली. ती न विचारता संगणकात शिरे, ब्लास्टर काढून टाकी आणि दुरुस्ती बसवी. परंतु तिच्या वाहतुकीने जाळी तुंबली. एअर कॅनडाच्या व अमेरिकी नौदलाच्या कामकाजात खोळंबा झाला. उलट, एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने शेकडो संगणकांतील घातक आज्ञावल्या काढल्या त्या न्यायालयाचा आदेश घेऊन. त्या आदेशावरही टीका झाली. पण आत कोण शिरले, कोणत्या मर्यादेत शिरले, हे तेथे नोंदलेले आहे.

यावरून एवढे म्हणता येईल की, सूचकाचे कर्तव्य बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींपाशी थांबते, आणि मालकाची ओळख शोधण्याचे काम तिसऱ्याकडे जाते. अंकांचा पत्ता कोणत्या ग्राहकाचा, हे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला संगणक न उघडताच ठाऊक असते. २००४ पासून कार्यरत असलेल्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेकडेही दोषांची सूचना देता येते. झडतीच्या वेळी पोलिसांनीदेखील पंचांसमक्षच घरात जावे, अशी आपल्याकडील रीत आहे. ती रीत संशयापोटी निर्माण झालेली नाही, तर जाणाऱ्याचा व घरधन्याचा दोघांचाही बचाव व्हावा म्हणून आहे. सूचकालाही तशाच पंचांची आवश्यकता आहे.

मात्र या उत्तराची सारी मदार सूचना ऐकून घेणाऱ्यावर आहे. १९४२ मध्ये आणि २००९ मध्ये उघडपणे दिलेली सूचना निष्फळ ठरली, आणि तीनंतर गुप्ततेचा मार्ग काहींना न्याय्य वाटू लागला. सद्भावनेने सूचना देणाऱ्या नागरिकाला अधिनियमात संरक्षण नाही, आणि सूचना पोचली की नाही हे कळण्याची हमी नाही, तोवर प्रवेश करू नये हा नियम योग्य असूनही पाळणाऱ्यावर अन्याय करणारा राहील. ८४ व्या कलमातील सद्भावनेचे संरक्षण, बाहेरून दोष पाहून नावानिशी कळविणाऱ्या नागरिकापर्यंत पोचविणे, ही या बाबतीतील पहिली आवश्यकता होय.