उन्हाने रापलेली कातडी

उन्हाने त्वचा काळवंडली की आपण म्हणतो, माणूस रापला. शेतमजूर रापतो, पाथरवट रापतो, कोकणातला दालदी जाळे ओढता ओढता रापतो. या रापण्याला कधी कमीपणाची खूण मानले गेले, तर कधी चैनीची. कातडीच्या रंगावर माणसाची किंमत ठरवण्याची खोड फार जुनी आहे.

हजरत नूह यांच्या शापामुळे हामची संतती काळी झाली, असे मध्ययुगात अनेक जण सांगत. ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दून यांनी १३७७ साली 'मुकद्दिमा'मध्ये हे मत खोडून काढले. काळा रंग शापाचा नाही, हवामानाचा परिणाम आहे; सूर्य डोक्यावर तळपतो त्या प्रदेशातल्या लोकांची कातडी काळी होते, अशी त्यांची मांडणी होती. त्याच ग्रंथात दक्षिणेकडच्या लोकांविषयी हिणवणारी विधानेही आहेत, हे लपवून चालणार नाही. तरीही रंगाचे कारण त्यांनी निसर्गात शोधले, ही मोठी गोष्ट होती.

पण कातडी भाजते ती उष्णतेने की प्रकाशाने? १८०१ साली योहान रिटर यांना जांभळ्या रंगापलीकडचे अदृश्य किरण सापडले. १८२० साली इंग्लंडमध्ये एव्हरार्ड होम यांनी एक हात उघडा आणि दुसरा काळ्या कापडाखाली ठेवून उन्हात धरला. कापडाखाली उष्णता जास्त होती, तरी भाजला उघडा हात. म्हणजे दोष निव्वळ उष्णतेचा नव्हता.

आज आपण जाणतो की अतिनील किरणांनी पेशींतील डीएनएला इजा होते आणि शरीर मेलॅनिन हे रंगद्रव्य वाढवते. हे द्रव्य पेशीच्या केंद्रावर छत्रीसारखे पसरते. म्हणजे रापणे हे झालेल्या इजेला शरीराने दिलेले उत्तर आहे. रंगपेशींची संख्या गोऱ्या-काळ्या सर्वांत जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती आणि कोणते रंगद्रव्य बनवतात यात.

युरोपात शेतकरी उन्हात राबत होता तोवर गोरेपणा ही अमिरी होती. मजूर कारखान्यांच्या अंधारात गेला, आणि १९२०च्या दशकात समुद्रकिनारी रापून येणे ही अमिरी झाली. त्यामागे वैद्यकाचाही आधार होता. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार करणाऱ्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल मिळाले होते. आपल्या मुंबई इलाख्यात हचिसन या डॉक्टरांना वेगळेच दिसले. त्यांनी १९२२ साली नोंदवले की, उघड्यावर राबणाऱ्या गरिबांच्या घरांत अन्न निकृष्ट असूनही मुडदूस नव्हता. पडदा पाळणाऱ्या खात्यापित्या मुसलमान आणि उच्चवर्णीय हिंदू घरांत मात्र तो होता. त्या घरांतल्या आया आणि लेकरे उन्हाला पारखी झाली होती.

उन्हाच्या अतिरेकाचा हिशेबही पुढे आला. हॅम्बुर्गचे डॉक्टर उन्ना यांनी १८९४ साली खलाशांच्या रापलेल्या कातडीचा संबंध कर्करोगाशी जोडला. १९२८ साली फिंडले यांनी उंदरांवर प्रयोग करून अतिनील किरणांनी त्वचेचा कर्करोग होतो हे दाखवले. ऑस्ट्रेलियात १९८१ पासून सदरा घाला, मलम लावा, टोपी चढवा, असा प्रचार सुरू झाला. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रापण्यासाठीच्या कृत्रिम दिव्यांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले.

आपल्याकडे मात्र गोरेपणाचा सोस सुटला नाही. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. २०२० साली नावातला 'फेअर' गेला, मनातला गेला नाही. लग्नाच्या बाजारात सावळ्या मुलीला आजही त्याची किंमत मोजावी लागते. सावळ्या कातडीला कर्करोगाचा धोका कमी, पण ऊन तिलाही जाळते आणि डोळ्यांत मोतीबिंदू लवकर आणते. पंधरा अंकाचे सनस्क्रीन भाजवणारे सुमारे ९३ टक्के किरण अडवते, तीस अंकाचे सुमारे ९७. पण ते जाडसर लावावे लागते आणि दर दोन तासांनी पुन्हा. रोजंदारीवरच्या बाईला ते परवडायचे नाही. तिच्यासाठी डोक्यावरचा पदर, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि भर दुपारी सावलीतली सुट्टी हेच खरे औषध. पदर आणि सदरा तिच्या हातात आहे. सुट्टी मात्र मुकादमाच्या हातात आहे, आणि ती मागण्याचा तिला हक्क आहे.