असुरक्षित प्लगइनना ब्राउझरची आपोआप बंदी : पार्श्वभूमी आणि भारतातील अनुभव

संकेतस्थळावरील चित्रफिती, खेळ किंवा विशेष कार्यप्रणाली चालविण्यासाठी ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या पूरक सॉफ्टवेअरला प्लगइन म्हणतात. फ्लॅश, जावा आणि सिल्व्हरलाइट ही त्यांतील प्रमुख होत. ब्राउझर अद्ययावत असला, तरी जुन्या प्लगइनमधील त्रुटीमुळे केवळ संकेतस्थळ उघडताच संगणकात घातक सॉफ्टवेअर शिरू शकत असे.

जानेवारी 2013 मध्ये जावातील गंभीर त्रुटीचा गैरवापर उघड झाल्यानंतर अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाने ब्राउझरमधील जावा बंद ठेवण्याचा सल्ला दिला. जुलै 2015 मध्ये मोझिलाने फायरफॉक्समध्ये फ्लॅशच्या असुरक्षित आवृत्त्या तात्पुरत्या रोखल्या. गुगल क्रोमने जुन्या पद्धतीची प्लगइन एप्रिल 2015 मध्ये आपोआप बंद केली व सप्टेंबरमध्ये त्यांचा आधार पूर्णपणे काढून घेतला.

भारतात या निर्णयाचा फटका नेमका सुरक्षेसाठीच उभारलेल्या व्यवस्थेला बसला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 अन्वये डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता मिळाली. मात्र प्राप्तिकर विवरणपत्रे, कंपन्यांची कागदपत्रे आणि महाराष्ट्राच्या ‘महाटेंडर्स’ संकेतस्थळावरील ई-निविदा यांवर स्वाक्षरी करण्यासाठी ब्राउझरमध्ये जावा आवश्यक होते. परिणामी मुंबईपासून म्हैसूरपर्यंतच्या सनदी लेखापालांना, कंपनी सचिवांना व कंत्राटदारांना अशा कामांसाठी इंटरनेट एक्सप्लोरर किंवा जुन्या आवृत्त्यांवर विसंबून राहावे लागे.

सामान्य वापरकर्त्याला प्लगइनची आवृत्ती ठाऊक नसते आणि इशाऱ्यांकडे तो दुर्लक्ष करतो, म्हणून बंदी आपोआपच हवी, असा समर्थकांचा युक्तिवाद आहे. पूर्वसूचनेविना बंदी आल्यास विवरणपत्र वा निविदेची मुदत हुकू शकते आणि वापरकर्ता अधिक असुरक्षित मार्गाकडे वळतो, असा आक्षेप घेतला जातो. वापरकर्त्याने परवानगी दिल्यावरच प्लगइन चालविणे, हा यातील मधला मार्ग ठरला.

पुढे संकेतस्थळांनीच पद्धत बदलली. 1 जुलै 2017 पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीसाठी ब्राउझरबाहेर चालणारे स्वतंत्र सॉफ्टवेअर वापरण्यात आले. अडोबीने फ्लॅशचा आधार 31 डिसेंबर 2020 रोजी थांबविला.

प्लगइनचे युग त्यामुळे संपले असले, तरी स्वाक्षरीचे हे सॉफ्टवेअरही संगणकावरच स्थापित करावे लागते. ब्राउझरची बंदी त्याला लागू होत नाही. ते अधिकृत संकेतस्थळावरूनच घेणे आणि अद्ययावत ठेवणे ही जबाबदारी वापरकर्त्यावर, तर त्रुटी वेळेत दूर करण्याची जबाबदारी निर्मात्यावर राहते.