काळी माती आणि चाकाची निवड

दिवाळीच्या सुटीत परभणीला एका शिक्षक-मित्राच्या घरी आम्ही गेलो होतो. त्यांना मोटार घ्यायची होती आणि चार कंपन्यांची रंगीत पत्रके सतरंजीवर पसरलेली होती. गाड्या सगळ्या एकाच जातीच्या. उंच, आखूड, पाहताक्षणी जीपची आठवण व्हावी अशा. एका पत्रकावरची गाडी बर्फातून चालली होती. मित्राच्या अकरावीतल्या मुलाने विचारले, "बाबा, परभणीत बर्फ कुठे पडतो?" प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही दोनशे वर्षे मागे गेलो.

परभणीला थंडी पडते, नाही असे नाही. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. पण दुपारी ऊन तापते, रस्ता कोरडा असतो. बर्फाच्या मुलखात हिवाळा चाकांचे जे हाल करतो, ते आपल्याकडे आषाढ-श्रावण करतात. याचे कारण मातीत आहे. बेसाल्ट खडक झिजून तयार झालेल्या काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. या मातीचे कण पापुद्र्यांसारखे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ती फुगते, आटले की आक्रसते. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात पाय निघणार नाही असा चिखल. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणांक ०.७ ते ०.८ असतो, बर्फाच्या गुळगुळीत थरावर ०.१ च्या आसपास. ओल्या चिकणमातीचा आकडा बर्फाकडे झुकणारा असतो, आणि शिवाय ही माती चाकाला चिकटून चाकच जाड करते, ते वेगळेच.

या जमिनीवरचा जुना उपाय म्हणजे चाकच न वापरणे. लमाणांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खन ओलांडत. बैलाच्या पायाला रस्ता लागत नाही. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत, त्यामागेही हाच हिशोब होता. पाऊस संपतो, नद्या उतरतात, जमीन आवळते, वैरण मिळते. म्हणजे प्रवासाच्या दृष्टीने हिवाळा हा आपला सुगीचा काळ. हा हिशोब उलटा करून पाहिला तो आर्थर वेलस्लीने. १८०३ मध्ये त्याने मुद्दाम पावसाळ्यात मोहीम उघडली. भरलेल्या नद्या मराठी घोडदळाला अडवतील आणि आपण होड्यांनी पार होऊ, असे त्याचे गणित होते. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला, २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे लढाई झाली. मात्र त्याच्या फौजेचे पोट तांड्यांच्याच बैलांवर चालत होते, हे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही.

गाड्या होत्या, पण जड, भरीव चाकांच्या. १८३६ च्या सुमारास सोलापूरकडील टेंभुर्णीला पैमाशीच्या कामावरील लेफ्टनंट गेसफर्ड याने हलक्या, आऱ्यांच्या चाकाच्या गाडीचा नमुना करवला आणि असल्या गाड्या हळूहळू दख्खनभर पसरल्या. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. पण सुतार-लोहारांना राज्याची सीमा कधी अडवते?

या चाकाकडे जरा थांबून पाहू. मध्ये तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांवर लाकडी पुठ्ठे आणि सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईपर्यंत तापवायची, सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. पाच फूट व्यासाच्या धावेचा घेर सुमारे ४.८ मीटर. लोखंडाचा प्रसरणांक अंशाला ०.००००१२. तापमान ५०० अंशांनी वाढले तर घेर जवळजवळ २९ मिलिमीटरने वाढतो. थंड होताना तेवढाच आक्रसून सगळे सांधे गच्च करतो. प्रसरणाच्या धड्याला याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. लोहाराचा भाता अजून चालू असेल तर वर्ग तिथेच न्यावा.

चाक पाच फुटी, म्हणजे आख जमिनीपासून अडीच फूट, ७५ सेंटिमीटर उंच. मित्राच्या पत्रकांत 'तळाची उंची' म्हणून अभिमानाने छापलेला आकडा २०० मिलिमीटरच्या आसपास होता! अरुंद धाव वरचा राडा कापत खालच्या घट्ट थरापर्यंत जाते आणि मोठे चाक खड्ड्यातून सहज वर येते. लाल कंधारीची एक जोडी पुढे असली की गाडी निघतेच. मात्र हीच धाव रस्ता उभा चिरते. आपला 'चाकोरी' हा शब्द तिथूनच आला.

विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग परभणीवरून गेला आणि कापूस स्टेशनापर्यंत पोचवणे एवढेच गाडीचे काम राहिले. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. बस मात्र पक्क्या रस्त्याची बांधील. त्याच दशकात हवेच्या टायरची बैलगाडी आली. टायर रुंद आणि मऊ असल्याने पक्क्या रस्त्यावर तीच जोडी कितीतरी जास्त ओझे ओढते. ऊसतोड कामगारांची टायरगाडी हीच. पण चाक लहान झाले, आख खाली आला, आणि ओल्या काळ्या रानात टायरचे चिखलाचे लोळे होऊ लागले. एका ऋतूत मिळवायचे आणि दुसऱ्यात गमवायचे, ही ओढाताण तेव्हापासूनची आहे.

मग जीप. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत बनलेली विलिज जीप ६० अश्वशक्तीची आणि वजनाने टनभराची होती. १९४० च्या दशकाच्या शेवटी महिंद्र कंपनी मुंबईत माझगावला तिचे भाग जोडू लागली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे सरकारचे खेड्यातले रूपच झाले. तिचे मर्म चारही चाकांना इंजिनाची ओढ देण्यात होते. ढोबळमानाने हिशोब करा. घर्षणांक ०.२ असेल आणि ओढणाऱ्या दोन चाकांवर निम्मे वजन असेल, तर ओढ वजनाच्या एक-दशांशच मिळते. चारही चाके ओढत असतील तर एक-पंचमांश. म्हणजे दुप्पट चढ चढता येतो.

छोट्या, उंच, चारही चाके ओढणाऱ्या मोटारीचा खरा पूर्वज आम्ही रशियात शोधतो. १९७७ मध्ये आलेली लाडा निवा सुमारे पावणेचार मीटर लांबीची होती आणि ती खेड्यांसाठीच काढलेली होती. तिथे बर्फ वितळताना आणि शरदातल्या पावसात रस्ते चिखलात बुडतात. त्या काळाला रशियन भाषेत 'रासपुतित्सा' असा स्वतंत्र शब्दच आहे. परभणीच्या शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागणार नाही.

आपल्याकडच्या आखूड गाड्यांचा जन्म मात्र चिखलातून झाला नाही, करातून झाला. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींवरील अबकारी कर २४ वरून १६ टक्के झाला. कारखानदारांनी मग फूटपट्टी घेऊन गाड्या कापल्या. २०१३ ची इकोस्पोर्ट, २०१६ ची ब्रेझा, २०१७ ची नेक्सॉन या त्याच घडणीच्या. त्या दिसतात जीपसारख्या, पण ओढ फक्त पुढच्या दोन चाकांना. चार मीटरच्या आत चारही चाके ओढणाऱ्या म्हणाल तर २०२० ची नवी थार आणि २०२३ ची जिम्नी.

मित्राने विचारले, "मग थारच घेऊ का?" शेत आतल्या रानात असेल आणि श्रावणात रोज जायचे असेल तर जरूर. पण त्यांची शाळा डांबरी रस्त्यावर होती आणि काळजी होती ती हिवाळ्यातल्या सकाळ-संध्याकाळची. इथे एक गोष्ट विसरली जाते. चार चाकांची ओढ गाडी चालू करायला उपयोगी, थांबवायला नाही. ब्रेक सर्वच मोटारींच्या चारही चाकांना असतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चालकाला दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतच्या दीड सेकंदात ३३ मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३६ मीटर घेते. एकूण ६९. दिव्याचा खाली वळवलेला झोत साधारण ५० मीटरपर्यंतच नीट दाखवतो. नोव्हेंबर ते मार्च हा आपला उसाचा हंगाम. गंगाखेड-पाथरीकडच्या रस्त्यांवर धुक्यात, मागे ना दिवा ना चकाकती पट्टी, अशी भरलेली ट्रॉली उभी असते. ती ५० मीटरवर दिसली आणि वेग ८० असला, तर गाडी कोणत्या कंपनीची आहे याने काहीच फरक पडत नाही. वेग ६० असेल तर हेच अंतर ४५ मीटर होते.

तेव्हा आम्ही मित्राला तीन गोष्टी पाहायला सांगितल्या. एक, दिवे रात्री प्रत्यक्ष लावून पाहणे. दोन, टायर. थंड देशांतले मऊ रबराचे हिवाळी टायर इथल्या दुपारच्या उन्हात झिजून जातील, ते नकोत. पण चर खोल हवेत. आणि थंडीत हवा तपासावी, कारण तापमान दहा अंशांनी उतरले की टायरचा दाब सुमारे दीड पौंडाने कमी होतो. तीन, चाके जाम होऊ न देणारी ब्रेकची योजना. एप्रिल २०१९ पासून ती नव्या मोटारींना सक्तीची आहे, पण जुनी गाडी घेणार असाल तर विचारून घ्या.

पत्रके मग बाजूला राहिली. मुलगा आतून मोजपट्टी घेऊन आला. आम्ही तिघे रस्त्यावर उतरलो आणि फाटकापासून ६९ मीटर मोजत निघालो. गल्ली संपली, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी मागे पडली, तरी पट्टी अजून ताणायचीच होती.