लाकूड घरचे, घडण सुताराची

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत पडक्या वाड्यातला खांब, मोडका माचा किंवा वापरातून गेलेले कपाट सुतारापुढे ठेवून त्यातून दिवाण, जेवणाचे टेबल अथवा देव्हारा घडवून घेण्याची जी रीत आज दिसते, ती सामान्यतः शहरी गृहसजावटीच्या हौसेतून आली असे मानले जाते. हौस अलीकडची आहे यात शंका नाही. परंतु लाकूड गिऱ्हाइकाचे आणि घडण सुताराची, ही या व्यवहाराच्या मुळाशी असलेली विभागणी बलुत्याइतकी जुनी आहे, आणि या कामाचे दर व त्यावरून होणारे वाद समजून घ्यायचे तर आरंभ तेथूनच करावा लागतो.

बलुते म्हणजे गावच्या कारागिराला त्याच्या वर्षभराच्या कामाबद्दल सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणारा धान्याचा ठराविक वाटा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (1915) या ग्रंथात या व्यवस्थेचे जे वर्णन आहे ते मुख्यतः इंग्रजी मुलखातल्या गावांचे असले, तरी शेजारच्या निजामी मुलखातही तिचा सांगाडा फारसा वेगळा नव्हता. सुतार हा त्यातला पहिल्या ओळीचा बलुतेदार होता, कारण त्याच्यावाचून नांगर, वखर आणि तिफण चालत नसे. या व्यवस्थेतल्या दोन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरतात. पहिली अशी की, लाकूड कुणब्याने आणायचे आणि सुताराने फक्त हात व हत्यार लावायचे. सुतार लाकडाचा साठा करत नसे, त्यामुळे लाकडाचा नफाही त्याच्या हिशेबात येत नसे. दुसरी अशी की, शेतीच्या अवजारांची दुरुस्ती बलुत्यात मोडे, पण नवी गाडी, घराचे लाकूडकाम किंवा पलंग यांसारख्या कामाची मजुरी वेगळी ठरवावी लागे. जुन्या वस्तूतून नवी वस्तू घडवणे हे काम या दोहोंच्या सीमेवर पडते. गिऱ्हाइकाला ते दुरुस्तीसारखे वाटते, कारण लाकूड त्याच्याच घरचे असते, आणि सुताराला ते नव्या कामाहून जड जाते. बलुते संपून पिढ्या लोटल्या, तरी ही सीमा अजून आखली गेलेली नाही.

घरी लाकूड आले कोठून, याचे उत्तर मराठवाड्याच्या घरांच्या बांधणीत आहे. येथील जुने घर माळवदाचे असते, म्हणजे त्याचे छप्पर सपाट आणि मातीचे असते. तळखड्यावर, अर्थात दगडी बैठकीवर, लाकडी खांब उभा करून त्यावर तुळई टाकायची, तुळईवर आडवे दांडे, दांड्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी ती रचना असते. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात आणि घर किती मोठे ते खणांवरून सांगितले जाते. जाड दगडी भिंती डोळ्यांत भरत असल्या, तरी छपराचा भार बऱ्याच घरांत हा लाकडी सांगाडाच पेलत असे. साध्या घरात बाभूळ आणि कडुनिंब, सधन घरात साग, अशी लाकडाची प्रतवारी होती. बाभळीचे लाकूड कणखर असले तरी ते वाकते आणि किडते, म्हणून ते आधी पाण्यात भिजवून ठेवण्याची रीत होती. भिजल्याने त्यातला रस निघून जातो आणि किडीला खाद्य उरत नाही.

सागाचे जवळचे जंगल म्हणजे पैनगंगेच्या खोऱ्यातले किनवट. हा तालुका आज नांदेड जिल्ह्यात असला, तरी हैदराबाद संस्थानात तो आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता आणि 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मराठी मुलखाबरोबर इकडे आला. त्याच दिवशी अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातून निघाले व पुढे 1982 साली स्थापन झालेल्या लातूर जिल्ह्यात सामावले गेले. या सरहद्दी लक्षात घेतल्या म्हणजे येथील लाकूडकामाचे नाते केवळ पुण्याच्या वाड्यांशी जोडणे किती अपुरे आहे हे ध्यानात येते. बिदरच्या किल्ल्यातील रंगीन महालाचे कोरीव लाकडी खांब उदगीरच्या कारागिराला पुण्याहून कितीतरी जवळचे होते.

एवढे लाकूड घरात असूनही सामान मात्र थोडकेच होते. बाज, पाट, चौरंग, पाळणा, पेटारा, पाण्याच्या भांड्यांसाठी घडवंची आणि भिंतीतच बसवलेले फडताळ एवढ्यावर बहुतेकांचा संसार भागत असे, कारण बसणे, जेवणे आणि निजणे जमिनीवरच होते. खुर्ची आणि टेबल हे कचेरी, शाळा व वकिलाची बैठक या मार्गाने आले. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी नांदेडवरून धावू लागला आणि बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद गाडी 1911 साली लातूरला पोहोचली, त्यामुळे बाहेरचे नमुने पाहणे सोपे झाले. गावच्या सुताराला नमुना दाखवायचा आणि लाकूड घरचे द्यायचे, अशी मागणी घालण्याची सवय यातूनच वाढीस लागली असावी.

वाड्यातले लाकूड मोकळे होण्यास मात्र राजकीय कारण घडले. हैदराबाद संस्थान सप्टेंबर 1948 मध्ये भारतात विलीन झाले, 1949 साली जहागिरी रद्द झाल्या आणि 1950 च्या कूळकायद्याने मोठ्या जमीनदारांच्या उत्पन्नाला कात्री लागली. ज्या गढ्या आणि चौसोपी वाडे दरवर्षी माळवदावर माती टाकून घेत, त्यांना तेवढी माणसे आणि तेवढा पैसा परवडेना. माळवद एकदा गळू लागले की पाणी तुळईच्या टोकात मुरते आणि वाळवीला वाट मिळते. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या, तेव्हा खण मोजून वाटले गेले आणि एका वाड्याची लाकडे तीन-चार घरांत विखुरली. वाटणीला आलेला खांब नव्या सिमेंटच्या घरात उभा करण्याचे कारण उरले नाही, आणि टाकून देण्याचा धीरही झाला नाही. वस्तू फेकवत नाही म्हणून तिचे काहीतरी करायचे, ही भावना या साऱ्या धंद्याची खरी भांडवलदार आहे, आणि तिची किंमत कोणत्याही दरपत्रकात लागत नाही.

या इतिहासातला सर्वांत कठोर टप्पा 30 सप्टेंबर 1993 चा. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील गावेच्या गावे कोसळली आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. मृत्यूचे मुख्य कारण लाकूड नव्हते. मातीत रचलेल्या अनघड दगडांच्या भिंती फुगून ढासळल्या आणि काही ठिकाणी दोन-अडीच फूट जाडीचा माळवदाचा मातीचा थर खाली आला. उलट, अनेक घरांत भिंती पडूनही खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिल्याचे पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवले. तरीही लोकांच्या मनात दगड आणि माळवद या दोहोंची एकत्रच धास्ती बसली. पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली आणि जमीनधारणेनुसार 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची पक्की घरे देण्यात आली. त्या घरांत खांबाला काम नव्हते. ढिगाऱ्यातून काढलेले लाकूड ज्यांना विकायचे नव्हते, त्यांच्यापुढे ते दारात, पडवीत किंवा सामानात जिरवणे एवढाच मार्ग होता. ज्याने डोक्यावरचे छप्पर पेलले ते लाकूड आता पाठ टेकायला वापरायचे, हा बदल कलाकुसरीच्या इतिहासात क्षुल्लक ठरेल. या गावांच्या इतिहासात तो तसा नाही.

तीनच वर्षांनी, 12 डिसेंबर 1996 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशाने जंगलतोडीवर आणि विनापरवाना लाकूडगिरण्यांवर देशभर बंधने आली. नवा साग महागला आणि बाजार प्लायवूड व सनमायकाने भरला. प्लायवूडने बलुत्यातली विभागणीच उलटी केली, कारण त्यात माल दुकानाचा असतो आणि सुतार त्याचा जोडारी उरतो. या जोडकामात राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर तरबेज निघाले. जुन्या लाकडाचे काम मात्र पुष्कळदा स्थानिक सुताराकडेच जाते, आणि त्याला कारण आहे.

ते कारण कामाच्या स्वरूपात आहे. जुन्या सागाचा गाभा कित्येक दशके वाळलेला असतो आणि त्यातील टेक्टोक्विनोन या द्रव्यामुळे वाळवी त्याला सहसा शिवत नाही. परंतु गाभ्याभोवतीची पांढरट कड तशी सुरक्षित नसते, तिच्यात भुंगा असला तर बारीक पीठ पडते आणि ती कड तासून टाकावी लागते. खांबात मोडलेले खिळे आणि मेखा असतात, म्हणून लाकूडगिरणीवाला तो पात्यावर घ्यायला कुरकुरतो. प्रत्येक खिळा शोधून उपटण्यातच दिवस जातो. वर चुलीच्या धुराचा थर, चुना आणि तेलपाणी यांची पुटे असतात. खांब चिरला की आतला ताण सुटून फळी पीळ धरते, म्हणून चिरलेल्या फळ्या मध्ये पट्ट्या घालून काही आठवडे रचून ठेवणे आवश्यक असते. जुन्या खाचा आणि भोके नव्या आराखड्यात कोठे येतील हे कागदावर ठरत नाही, लाकूड पाहूनच ठरते. जोड देताना एका तुकड्याच्या टोकाला कुसू, म्हणजे जिभेसारखा निमुळता भाग, कोरून तो दुसऱ्याच्या भोकात बसवायचा आणि लाकडी खुंटीने अडकवायचा, ही जुनी रीत येथे खिळ्यापेक्षा अधिक टिकते. एवढ्या कष्टानंतर चालू फुटाच्या दराने हिशेब केला तर सुतार तोट्यात जातो. म्हणून जाणता कारागीर अशा कामाला हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, मागतो आणि गिऱ्हाईक लाकूड तर आमचेच आहे असे म्हणून आश्चर्य व्यक्त करते.

शेवटचा हात लाकडाच्या झिलईचा. या कोरडवाहू मुलखात करडई आणि जवस पूर्वी मुबलक पिकत, आणि दोन्हींची तेले हवेत वाळून घट्ट होणारी असल्याने लाकडाला ती पूर्वापार मानवतात. चपड्याचे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे, पॉलिश नंतर आले. ते देखणे असते, पण गरम भांडे ठेवले की पांढरा डाग पडतो. अलीकडचे पॉलियुरेथेनचे लेप पाणी आणि उष्णता सोसतात, तथापि जाड मारले तर शंभर वर्षांचा साग कालच्या प्लायवूडसारखा दिसू लागतो, आणि मग जुने लाकूड वापरण्याचे प्रयोजनच उरत नाही. ज्याला जुनेपण हवे आहे त्याने मागणी देतानाच तेल की लेप हे ठरवणे शहाणपणाचे.

दाराची चौकट हा या व्यवहारातला अपवाद आहे. जिच्या माथ्यावर गणेशपट्टी, म्हणजे गणपती कोरलेली आडवी फळी, असते ती चौकट चिरायला घरची माणसे सहसा राजी होत नाहीत आणि बरेच सुतारही करवत लावायला बिचकतात. तिची उंची आजच्या दाराला पुरत नाही, कारण जुन्या घरात वाकून शिरणे अपेक्षित होते. त्यामुळे ती मोठ्या आरशाची चौकट होते, देवघराचे दार होते, किंवा भिंतीला टेकवून तशीच ठेवली जाते आणि तिची मजुरी केवळ धुण्या-पुसण्याची होते.